कियांतीच्या आंबटपणाची बाजू

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इटलीच्या लाल वाइनवर लेख आला, तो मी लक्ष देऊन वाचला. मराठी वर्तमानपत्रानं या विषयाला अर्धं पान द्यावं याचं समाधान वाटलं. मात्र त्यात कियांतीला ज्या घाईनं निकालात काढलं आहे, ते मनाला लागलं. लेखात म्हटलंय की कियांती ही गवताच्या टोपलीतून येणारी स्वस्तातली वाइन, आंबट आणि तुरट, आपल्याकडच्या जिभेला न मानवणारी. नवख्यानं त्यापेक्षा मऊ, गोडसर चवीची एखादी घ्यावी. आंबट ती आहे, तुरटही आहे. पण या दोन गोष्टी काढून घेतल्या तर कियांतीत उरतं काय? गेली दीडशे वर्षं माणसं तिचा हा स्वभाव मवाळ करू पाहताहेत, आणि जेव्हा जेव्हा त्या माणसांनी त्यात अतिरेक केला तेव्हा तेव्हा वाइन बिघडली. हे मला जरा सविस्तर सांगायचं आहे. पत्र लांबलं तरी छापावं, ही विनंती.

माझं माहेर नारायणगावजवळचं. घरी द्राक्षबाग होती, वडील आणि काका मिळून बघायचे. लग्न होऊन पुण्यात आले आणि फळांचा रस काढणाऱ्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. टँकर आला की नमुना घ्यायचा, रिफ्रॅक्टोमीटरवर साखर बघायची, ब्युरेट लावून आम्लता काढायची, वहीत लिहायचं. साखर चांगली निघाली की सगळे खूष असायचे. आम्लता कमी निघाली की आमच्या वरिष्ठ बाईंच्या कपाळावर आठी यायची. रस कितीही गोड असला तरी त्यात आम्ल नसेल तर तो तोंडात निर्जीव लागतो आणि टिकतही नाही, हे मी त्यांच्या हाताखाली शिकले. पुढे मुलगी जुन्या भित्तिचित्रांच्या जतनाचं शिक्षण घ्यायला इटलीत फ्लॉरेन्सला गेली, तिथंच कामाला लागली, आणि माझं तिकडे जाणं सुरू झालं.

कियांती ग्लासात ओतली की माणिक रंगाची दिसते, काळीकुट्ट नव्हे. पलीकडचं बोट दिसावं इतका तिचा रंग पातळ असतो, कारण सांजोव्हेझे या तिच्या मुख्य द्राक्षाच्या सालीतच रंग बेताचा. वय वाढलं की कडेला विटकरी छटा चढते. वास आंबट चेरीचा आणि व्हायोलेटच्या फुलांचा. जुन्या बाटलीत चामडं, वाळकी पानं, तंबाखू. घोट घेतला की जिभेच्या दोन्ही कडांना पाणी सुटतं, ते आम्लाचं काम. मग हिरड्या आवळल्यासारख्या होतात. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरलेलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, लाळेचा ओशटपणा जातो आणि तोंड कोरडं वाटायला लागतं. साखर जवळजवळ नसतेच. शेवटी किंचित कडसर चव रेंगाळते.

नुसता घोट घेणाऱ्याला हे सगळं कठोर वाटणं स्वाभाविक आहे. पण तोंडात चीज असेल, तेलात शिजलेली उसळ असेल, तर टॅनिनला धरायला लाळेऐवजी दुसरं काही मिळतं, आम्ल तेलकटपणा धुऊन काढतं, आणि पुढचा घास पुन्हा पहिल्या घासासारखा लागतो. आमटीत आमसूल जे करतं तेच हे. आमसुलाची पारख आपण ते नुसतं चघळून करत नाही.

हा आंबटपणा येतो कुठून? फ्लॉरेन्स आणि सिएना यांच्यामधल्या टेकड्या हा कियांतीचा मूळ मुलूख. ग्रेव्हे, राद्दा, गायोले, कास्तेल्लिना ही तिथली गावं. राद्दा समुद्रसपाटीपासून साधारण ५३० मीटरवर, म्हणजे जवळपास आपल्या पुण्याच्याच उंचीवर. पण अक्षांश तिथला ४३, आपला साडेअठरा. उन्हाळ्यात दुपारी तिथंही ऊन चांगलं तापतं, पण रात्री हवा उतरते. द्राक्षात दोन मुख्य आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. रात्री उष्ण असल्या की मण्यातलं मॅलिक आम्ल श्वसनात जळून जातं, गार असल्या की ते टिकतं. त्यातून सांजोव्हेझे ही उशिरा पिकणारी जात. तिची तोडणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात होते, म्हणजे पिकण्याचे शेवटचे आठवडे थंडीच्या तोंडाशी येतात. जमीन दगडगोट्यांची: एक गालेस्त्रो, पापुद्रे सुटणारा ठिसूळ दगड, आणि दुसरा आल्बेरेझे, कठीण चुनखडीचा. माझ्या वडिलांनी असल्या रानाला हलकं रान म्हटलं असतं. वाइनला ते मानवतं, कारण वेल पानांत जोर करत नाही, मणी लहान राहतो, आणि लहान मण्यात रसाच्या मानानं साल जास्त. तिकडे डोळ्यांत भरतं ते आणखी एक म्हणजे जंगल. कियांती क्लासिकोच्या, म्हणजे याच मूळ मुलखाच्या, सुमारे ७०,००० हेक्टरांपैकी दोन-तृतीयांश भागावर झाडी आहे. द्राक्षबागा दहाव्या हिश्श्याच्या आसपास.

राद्दाला आम्ही मायलेकी एका छोट्या खाणावळीत जेवलो. आम्ही शाकाहारी, त्यामुळे टस्कनीचा (फ्लॉरेन्स-सिएना ज्यात येतात तो प्रांत) तो प्रसिद्ध भाजलेला मांसाचा तुकडा आमच्यासाठी नव्हता. पण तिथल्या गरिबाच्या जेवणात शाकाहाऱ्याला काही कमी पडत नाही. रिबोल्लिता आली. शिळा पाव, पांढरा घेवडा, काळपट पानांचा कोबी, गाजर, असं सगळं शिजवून पुन्हा उकळलेलं, वरून कच्चं ऑलिव्ह तेल. सोबत मेंढीच्या दुधाचं खारट पेकोरिनो. पाव मात्र अळणी, कारण टस्कनीच्या पावात मीठ घालतच नाहीत. वाढणाऱ्या बाईंनी पाव आणि तेल टेबलावर येईपर्यंत आमचे ग्लास भरले नाहीत. जेवता जेवता त्याचं कारण समजलं. अळणी पाव, खारट चीज, तेलानं माखलेला घेवडा आणि आंबट वाइन, यांतलं एकही एकट्यानं पुरं पडत नाही. त्या जेवणात वाइन गोडसर असती तर दोन घासांत कंटाळा आला असता.

हा मेळ विचार करून बसवलेला आहे, आणि त्याचा कागद शिल्लक आहे. बेत्तिनो रिकासोली हे कियांतीतल्या ब्रोलियोच्या किल्ल्याचे धनी. करड्या स्वभावामुळे लोक त्यांना पोलादी बॅरन म्हणत. १८६१ मध्ये पहिले पंतप्रधान काव्हूर यांच्या निधनानंतर ते एकसंध इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले. राजकारणाइतकंच त्यांचं लक्ष ब्रोलियोच्या बागांत होतं. वेगवेगळ्या जाती लावून, वेगवेगळ्या प्रमाणांत मिसळून ते वर्षानुवर्षं प्रयोग करत राहिले, आणि १८७२ मध्ये पिसाचे प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी निष्कर्ष मांडला. सुगंध आणि जोम सांजोव्हेझेचा. तिचा कडकपणा थोडा उतरवायला कानायोलो ही दुसरी काळी जात, पण सुगंधाला धक्का न लावता. मालवाझिया हे पांढरं द्राक्ष रोजच्या जेवणातल्या, लवकर संपवायच्या वाइनपुरतं. साठवायच्या वाइनमध्ये ते टाळलेलं बरं, कारण त्यानं वाइन पातळ होते. प्रयोगशाळेत उमेदीची वर्षं घालवलेल्या मला हा माणूस फार जवळचा वाटतो. काय किती घालायचं ते त्यांनी शोधलं, आणि कुठं हात आखडायचा तेही लिहून ठेवलं. पुढच्या लोकांनी पहिलं उचललं आणि दुसरं सोडून दिलं.

शेतकऱ्यांचीही वाइन मवाळ करण्याची एक जुनी रीत होती, तिला गोव्हेर्नो म्हणतात. तोडणीच्या वेळी काही घड बाजूला ठेवून वाळवायचे, हिवाळा लागता लागता ते चिरडून नव्या वाइनमध्ये घालायचे. ती पुन्हा सावकाश आंबू लागते आणि लवकर पिण्याजोगी होते. घरच्या वापराला ही रीत चांगली होती आणि थोडे लोक ती आजही पाळतात.

आता त्या गवताच्या टोपलीबद्दल. लेखात तिचा उल्लेख हिणवून आला आहे आणि मला सगळ्यांत जास्त वाईट त्याचंच वाटलं. त्या बाटलीला फियास्को म्हणतात. फ्लॉरेन्सच्या पश्चिमेला एम्पोलीच्या परिसरात काचेच्या भट्ट्या होत्या. तोंडानं फुंकलेली बाटली बुडाशी गोल राहते. सपाट बूड काढायचं तर काम वाढतं. गोल बाटली उभी राहत नाही, आणि पातळ काच बैलगाडीच्या धक्क्यांनी फुटते. म्हणून दलदलीत उगवणारं गवत वाळवून त्याचं वेष्टण तिच्या अंगाभोवती विणत. खाली बैठक, पोटाभोवती पट्टे. बाटली उभी राहते, शेजारच्या बाटलीवर आपटत नाही, उजेडही कमी लागतो. हे विणकाम बायकांचं. कारखान्यात बसून किंवा घरच्या उंबऱ्यात बसून, नगावर मजुरी घेऊन, त्या दिवसभर बाटल्या विणत. टस्कनीची वाइन जगभर गेली ती या बायकांच्या बोटांवरून गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा बाटल्यांचा परदेशात सुकाळ झाला, इटालियन खाणावळींत रिकाम्या बाटल्यांत मेणबत्त्या लावण्याची फॅशन आली, आणि त्याच काळात आतली वाइन पातळ होत गेली. मग हातविणीची मजुरी परवडेना, प्लॅस्टिकची वेष्टणं आली, आणि आडवी ठेवता येणारी सरळ बाटली साठवणीला सोयीची म्हणून तीच रुळली. बिघडली होती ती वाइन. नाव खराब झालं टोपलीचं, आणि ती विणणाऱ्या हातांचं तर कुणाला आठवलंही नाही.

वाइन का बिघडली, याची मुळं नावाच्या भांडणात आहेत. १७१६ मध्येच टस्कनीचे ग्रँड ड्यूक तिसरे कोसिमो दे मेदिची यांनी फर्मान काढून कियांतीसह चार वाइन-मुलखांच्या सीमा आखून दिल्या होत्या, कारण तेव्हाही नावाला किंमत होती आणि नाव चोरलं जात होतं. १९२४ मध्ये उत्पादकांनी राद्दाला जमून आपला संघ काढला आणि काळा कोंबडा हे चिन्ह घेतलं. तो कोंबडा मध्ययुगातल्या कियांती संघाचा. त्याची दंतकथा अशी, की फ्लॉरेन्स आणि सिएना यांनी सीमेचा वाद मिटवायला ठरवलं की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक स्वार निघेल आणि जिथं भेट होईल तिथं सीमा. फ्लॉरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो पहाटेच्या आधीच आरवला, आणि त्यांचा स्वार सिएनाच्या जवळ जाऊन पोचला. सोळाव्या शतकात चित्रकार वझारी यांनी फ्लॉरेन्सच्या पालाझ्झो व्हेक्कियोच्या छतावर कियांतीचं रूपक रंगवलं, त्यातल्या ढालीवर हा कोंबडा आहे. मुलीनं मला तो मान वर करायला लावून दाखवला. छत तिच्या अभ्यासाचं आणि कोंबडा माझ्या अभ्यासाचा, अशी आमची दोघींची बराच वेळ तिथं चर्चा चालली.

तर १९३२ मध्ये सरकारनं कियांती हे नाव आजूबाजूच्या फार मोठ्या टापूला वापरायला मोकळं केलं, त्याचे सात विभाग पाडले, आणि मूळ मुलखाला ओळख म्हणून फक्त 'क्लासिको' एवढा शब्द जोडून मिळाला. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावानं विकला जाताना मार्केट यार्डात ज्यानं पाहिलंय, त्याला यात काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. बाकीच्या सहा विभागांतही चांगली वाइन होते, रूफिनाची तर उत्तमच. पण खरेदीदाराला फरक कळेनासा झाला.

त्यावर दुसरा घाव बसला तो नियमांचा. १९६७ मध्ये कियांतीला कायद्यानं दर्जा मिळाला, पण नियमात १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं घालणं सक्तीचं झालं. म्हणजे रिकासोलींनी जे साठवणीच्या वाइनला नको म्हणून लिहिलं होतं, तेच कायद्यात शिरलं. पांढऱ्यांत भरघोस पिकणारी त्रेब्बियानो होती. याच सुमाराला टस्कनीतली मेझ्झाद्रिया, म्हणजे निम्मं पीक मालकाला देऊन करायची अर्धेलीची शेती, संपत आली होती; १९६४ च्या कायद्यानं नवे करार बंद झाले. कुळं शहरांकडे निघाली. ऑलिव्ह, गहू आणि द्राक्ष एकाच रानात करणारी जुनी पद्धत मोडली आणि नव्या बागा जास्त उतारा देणाऱ्या वेलींच्या लागल्या. वाइन फिकी झाली, आम्ल राहिलं पण त्याच्यामागचा ऐवज गेला. लेखकानं चाखलेली आणि नापसंत केलेली कियांती त्या प्रकारची असेल तर त्यांच्या नापसंतीत मला नवल वाटत नाही.

ज्यांना हे सहन झालं नाही त्यांनी दर्जाचा शिक्का सोडून दिला. आन्तिनोरी घराण्याची तिन्यानेल्लो १९७१ सालापासून कियांतीच्या नियमांबाहेर गेली आणि साधी टेबल वाइन या नावाखाली विकली गेली. राद्दाच्या सर्जो मानेत्ती यांनी १९७७ मध्ये ले पेर्गोले तोर्ते केली, शंभर टक्के सांजोव्हेझेची. मला या दोघांत मानेत्तींचं धाडस मोठं वाटतं. तिन्यानेल्लोमध्ये पुढे काबेर्ने ही फ्रेंच द्राक्षजात मिसळली गेली, मानेत्तींनी मात्र सांजोव्हेझेवर एकटीवर विश्वास टाकला. कायदा त्यांच्यामागून हळूहळू आला. १९८४ मध्ये पांढऱ्याचं किमान प्रमाण अगदी खाली आणलं, १९९६ मध्ये ते ऐच्छिक झालं, आणि २००६ च्या तोडणीपासून कियांती क्लासिकोत पांढरी द्राक्षं बंद. आज तीत किमान ८० टक्के सांजोव्हेझे लागते. मधल्या काळात आणखी एक लाट येऊन गेली: नव्या फ्रेंच ओकच्या छोट्या पिंपांत ठेवून व्हॅनिलासारखा वास आणायचा, मेर्लो हे फ्रेंच द्राक्ष घालून मऊ करायची. त्या बाटल्यांना भरपूर कौतुक मिळालं, पण डोळे मिटून प्यायलं तर ती कुठली हे ओळखणं कठीण. आता अनेक उत्पादक मोठ्या, जुन्या पिंपांकडे परतले आहेत.

माझ्या माहेरी बागायतदार भेटले की पहिला प्रश्न एकच, एकरी किती टन निघाला. खाण्याच्या द्राक्षाला दहा-बारा टन ही सर्वसाधारण गोष्ट. कियांती क्लासिकोत नियमानंच हेक्टरी साडेसात टनांच्या वर घेता येत नाही, म्हणजे एकरी तीन टन. माझ्या चुलतभावाला हे सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसेना. हिवाळ्यात तिथं वेल पानं गाळून झोपते, एकदाच छाटणी, एकच पीक. आपल्याकडे ती झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी अशा दोन छाटण्या करून आपण पीक थंडीत आणतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडतो. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था या दोन्ही आपल्या शहरातल्या संस्थांनी द्राक्षाच्या रसासाठी जाती दिल्या आहेत, मांजरी मेडिका आणि एआरआय ५१६. एवढं ज्ञान दाराशी असताना आम्लतेबद्दल आपल्या पानांत गैरसमज छापला जावा, याची हळहळ वाटते.

सांजोव्हेझे आता आपल्या मातीतही आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्ली या वाइन कंपनीच्या बागांत ती लावली गेली, टस्कनीचे वाइनतज्ज्ञ पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि त्यांच्या सेट्टे या वाइनमध्ये काबेर्नेबरोबर ती असते. अकलूजची वाइन जास्त भरलेली, उन्हाची, आणि आम्ल मला जरा कमी वाटतं. तिला कियांती म्हणू नये आणि ते लोक म्हणतही नाहीत. पण आयात शुल्क आणि राज्याचे कर धरून परदेशी बाटली परवडत नसेल, तर त्या द्राक्षाची ओळख करून घ्यायला ती चांगली आहे.

आणि आपल्या जिभेला मानवत नाही हे लेखातलं विधानही मराठी जेवणाबरोबर तपासून बघायला हवं होतं. आमच्या घरी मी बरंच काही लावून पाहिलं आहे. चुलीवर किंवा गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत, कांदा-टोमॅटो आणि कच्चं तेल घातलेलं, हे सगळ्यांत उत्तम जुळतं. माझ्या यजमानांनी तर आता भरिताच्या दिवशी दुसरं काही नको म्हणून सांगून टाकलंय. थालीपिठावर लोण्याचा गोळा, बेताच्या तिखटाची चवळीची किंवा मसुराची उसळ, टोमॅटोचं सार, भाजलेलं पनीर, हेही चांगलं. जमत नाही ते गोड. आपल्या पुणेरी आमटीत आणि उसळीत गूळ पडतो, आणि पदार्थ गोड असला की कोरडी वाइन लगेच पाण्यासारखी आणि नुसती आंबट लागते. डाळिंब्यांच्या उसळीबरोबर प्यायची असेल तर त्या दिवशी गूळ वगळा. श्रीखंड-पुरणपोळीच्या आसपासही आणू नका. झणझणीत तिखटानं टॅनिन खरखरीत होतं आणि अल्कोहोल घशाला जाळतं, म्हणून मिसळीबरोबर नको.

तापमानाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हे वाक्य युरोपातल्या गार दगडी घरांसाठी आहे. कियांतीला १६ ते १८ अंश हवेत. एप्रिल-मेमध्ये आपल्या खोल्या तिशीच्या वर असतात, तेव्हा बाटली उघडण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर फळाचा वास जाऊन फक्त अल्कोहोल नाकात येतं. नवख्यानं सर्वांत साधी, एक वर्ष मुरलेली बाटली घ्यावी. तिच्या वरच्या दोन प्रतींपैकी रिझेर्व्हाला दोन वर्षं लागतात, ग्रान सेलेत्सियोनेला तीस महिने. त्या महाग असतात आणि भरितासाठी मला तरी साधीच आवडते.

काही वाचक म्हणतील, दारूची जाहिरात कशाला. ज्यांना घ्यायची नाही त्यांनी मुळीच घेऊ नये, आमच्या घरातही निम्मी माणसं घेत नाहीत. कियांती क्लासिकोत किमान १२ टक्के अल्कोहोल असतं आणि ते शरीराला अल्कोहोलच असतं. आमचा एक ग्लास जेवण संपेपर्यंत पुरतो आणि तिथं आम्ही थांबतो. पण ज्या पेयावर आपण लेख छापतो त्याची माहिती नीट असावी एवढंच माझं म्हणणं.

शेवटी दोन दुरुस्त्या. लेखासोबतच्या चौकटीत कियांती हे द्राक्षाच्या जातीचं नाव म्हणून छापलं आहे. ते प्रदेशाचं नाव आहे, जात सांजोव्हेझे. आणि काळा कोंबडा प्रत्येक कियांतीवर असतो असं म्हटलंय. तो फक्त कियांती क्लासिकोच्या बाटलीवर असतो. या दोन ओळी येत्या रविवारी त्याच पानावर छापल्यात, तर दुकानात बाटली हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला निदान आपण काय विकत घेतोय ते कळेल.

कळावे,
आपली,
एक नियमित वाचक
सहकारनगर, पुणे